उशीवरून दिसणारी फुलं

प्रिय सरकार,

लेकीकडे तुझं पथ्यपाणी नीट चाललं असेल. ओल्या फरशीवर जाऊ नकोस. काठी बाजूला टाकून मिरवू नकोस. खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले म्हणजे हाड लोखंडाचं झालं असं नाही. इथे बसल्या बसल्या मला सारखी धास्ती वाटते. शनिवारी लेक तुझे उरलेले कपडे न्यायला येणार आहे. म्हणजे तू आता कायमची तिकडेच, असं सगळ्यांनी धरून टाकलंय. तू मात्र फोनवर त्याबद्दल हूं की चूं करत नाहीस. त्याआधी माझं एवढं वाच.

मी घरात फुलं मांडतो. हसलीस ना? हस. जन्मभर तू आठवड्याला चार फुलं आणायचीस आणि मी विचारायचो, ही काय भाजीत घालायची? आता मीच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे, ती दुकान आवरत असते तेव्हा, जातो. मोडक्या देठांची फुलं ती तेव्हा जवळजवळ फुकटच देते. देठ आखूड असला तर बाटली बुटकी घ्यायची, त्यात काय?

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. गुलाब आणि शेवंती एकत्र धरून मी देठांना टेप गुंडाळली. चाळीस वर्षं पाइपाच्या जोडाला गुंडाळली तशीच, दातओठ खाऊन. सकाळी बघतो तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. पाणी खराब असेल म्हणून मी ती जुडी तशीच फुलवालीला दाखवायला नेली. ती म्हणाली, आजोबा, हा नळ नाही, गळायचा नाही, एवढं कशाला आवळलंत? भर रस्त्यात लाज वाटली गं. चेपलेल्या पाइपातून पाणी वर चढत नाही, हे गिऱ्हाइकांना सांगत मी म्हातारा झालो, आणि स्वतःच तेच केलं.

तेव्हापासून मी काहीच आवळत नाही. मोरीच्या तोंडावर बसवायची एक जुनी जाळी हत्यारांच्या पेटीत पडली होती. ती घासून जॅमच्या बाटलीवर ठेवली. एकेका भोकात एकेक देठ. पाचच फुलं, पण ऐसपैस उभी राहतात, बाटली भरल्यासारखी दिसते. देठ ब्लेडने तिरका कापायचा. कात्रीने तो चेपतो. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर पाणी कुजतं. रोज सकाळी पाणी बदलायचं. मधल्या जागा भरायला समोरच्या बागेचा माळी कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या देतो. तुझ्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्याही धुऊन खिडकीत मांडल्यात. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, हे तुम्ही केलंत? मी म्हटलं, मग काय सरकार तिकडून येऊन करून गेल्या?

एक गोष्ट मला कुणी शिकवली नाही, माझी मलाच सुचली. तुझा पलंग खिडकीशी आणला, टेबलावर फुलं ठेवली, लांबून छान दिसली. मग शंका आली म्हणून तुझ्या उशीवर डोकं टेकून पाहिलं, तर तिथून नुसते देठ आणि बाटलीचं बूड! त्या दिवशी करवतीने टेबलाचे पाय वीतभर कापले. पुन्हा आडवा झालो. आता फुलं अगदी समोर येतात. न्हाणीघरात पाइपाची दांडी बसवली आहे. मी स्वतः तिला लोंबकळून पाहिलं, आणि मी तुझ्यापेक्षा जड आहे. हॉस्पिटलातल्या नर्सबाईंकडे चार वेळा जाऊन माणसाला उठवायचं कसं ते शिकलो. ओढायचं नाही, आपल्या गुडघ्यांत वाकायचं.

आता खरं सांगतो. तुला तिकडे ठेवायचं लेकीच्या मनात आलं नव्हतं. मीच तिला जिन्यात गाठून म्हटलं होतं, आईला तुझ्याकडेच ठेव, माझ्याच्याने होणार नाही. तू न्हाणीघरात पडलीस तेव्हा तासभर मला तुला उचलता आलं नाही. तू कण्हत होतीस आणि मी तुझा हात धरून नुसता ओढत होतो. पुन्हा तसंच झालं तर, या भीतीने मी तुला घरातून घालवलं आणि नाव लेकीचं पुढे केलं. तिने मुकाट्याने ते अंगावर घेतलं. तिला बोलू नकोस. तुझे कपडे मी बांधलेले नाहीत आणि बांधणारही नाही. शनिवारी तिच्या परतीच्या गाडीत मीच बसून येतो. आता मला तुझं सगळं करता येतं. तुला राग आला असेल, तो यायलाच हवा. पण तो काढायला घरी चल.

तुझाच,
नळवाला