कौसल्येच्या गालावरची रेघ

जुनी शुक्रवारी, नागपूर
रविवार, ३१ ऑगस्ट १९७५

रा. रा. रुपरावजी यांस,
श्रीधरचा स. न. वि. वि.

तुमचं कार्ड काल मिळालं. महालक्ष्म्यांसाठी कौसल्येला दोन दिवस खाप्याला धाडा, असं लिहिता. दोन दिवस! तुमची बायको भावाकडे माहेरपणाला आलेली नाही, रुपरावजी. तिच्या उजव्या गालात कॅन्सरचा फोड आहे आणि त्याला कोबाल्टच्या किरणांचा शेक चालू आहे. एकूण पंचवीस, आठवड्याला पाच. दहा झाले. मध्ये खंड पडला की फोड पुन्हा डोकं काढतो, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा सुपारी कातरत होता.

मी सातवीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण वाचनालयातून तीन पुस्तकं आणून टिपणं काढली आहेत. आधी या रोगाला सुरी आणि डागणी एवढेच उपाय होते. मग रेडियम आलं, तेव्हा त्याच्या सुया मांसात टोचून दिवसेंदिवस तशाच ठेवत. एक्स-रेच्या सुरुवातीच्या काळात तर डॉक्टर स्वतःच्या हातावर यंत्र लावून कातडी लाल कधी होते ते पाहत आणि त्यावरून माप ठरवत. कित्येकांची बोटं गेली. त्यांनी बोटं देऊन माप शोधलं, आणि तुम्ही विचारता दोन दिवसांनी काय बिघडतं!

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. शेक कुठे द्यायचा ते कळावं म्हणून तिच्या गालावर जांभळ्या शाईने चौकोन आखला आहे. तो पुसायचा नाही, पाणीही लावायचं नाही. पण त्याची खालची रेघ जबड्यापाशी दीड सूत खाली घसरली आहे. मी फूटपट्टी लावून पाहिली. बावीस वर्षं सरकारी नकाशे ट्रेस करतो आहे, अशी रेघ मी शिकाऊ माणसाकडूनही घेतली नसती.

राग आला तर पुढच्या पत्रात काढा, आहे तो लोभ राहू द्या.
आपला,
श्रीधर

---

खापा
४ सप्टेंबर १९७५

श्रीधरभाऊंस रुपरावचा नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा शिव्या मोजायसाठी. सात भरल्या.

भाऊ, सुपारी मी कातरत होतो, कारण हात रिकामे राहिले असते तर मी तिथून उठून पळालो असतो. ते तुमच्या फूटपट्टीत आलं नाही.

इथे माझी आई, बायजाबाई, रोज विचारते, सून नाही तर महालक्ष्म्यांना साडी कोण नेसवणार. गल्लीतल्या बाया सांगतात की नागपुरात करंट लावून बाईचं तोंड जाळतात. मी मागावर बसतो आणि धागा तुटतो. एकदा डोळ्यांनी तिला पाहावं वाटलं म्हणून कार्ड टाकलं. आता नाही बोलावत. आईची समजूत काढतो. पंचवीस म्हणजे पंचवीस करा. तुमच्या मापावर भरवसा ठेवला आहे.

शिव्या द्या, पण पत्र देत जा.
तुमचा,
रुपराव

---

नागपूर
रविवार, १४ सप्टेंबर १९७५

रा. रा. रुपरावजी यांस स. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. कौसल्या सुखरूप आहे, हे आधी वाचा.

शुक्रवारी आमच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. तोंडावर जांभळा चौकोन घेऊन देवीसमोर कशी बसू, म्हणून कौसल्येने पहाटे बेसन-तेल लावून गाल घासला! रेघा पुसट दिसत होत्या, गेल्यातच जमा. मी घरभर ओरडलो. दहा वाजता विसावा शेक. खरं सांगितलं तर दिवस बुडणार, खंड पडणार. मी दौत काढली, पट्टी घेतली, आणि तिला उजेडात बसवून चौकोन पुन्हा आखला. पुसट रेघ समोर होती, तिच्यावरूनच हात फिरवायचा होता. पण मी ती वाकडी रेघ सरळ केली, रुपरावजी.

यंत्रावरच्या माणसाने पाहताक्षणी ओळखलं. इतकी नेटकी रेघ आमच्या हातची नाही, म्हणाला. यंत्र सुरूच केलं नाही. डॉक्टर आले. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, जबड्याखाली हरभऱ्याएवढी गाठ आहे, तिला आत घ्यायला रेघ मुद्दाम खाली उतरवली होती. माझ्या सरळ रेघेने ती गाठ बाहेर राहिली होती. कुणी केलं, असं त्यांनी कडक आवाजात विचारलं. मी तोंड उघडायच्या आत कौसल्या म्हणाली की आरशात पाहून मीच काढलं. डॉक्टरांनी तिला वाट्टेल ते सुनावलं. असंच करायचं असेल तर येऊ नका, म्हणाले. मी उभा होतो. पेन खिशात होतं.

दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती माझ्या पुढे चालत गेली. तिथून मी परत फिरलो आणि डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्या बोटांवरची शाई पाहिली. सोमवारी पुन्हा आखणी करून शेक पुढे चालू ठेवतो, म्हणाले. एक दिवस बुडाला, तो माझ्यामुळे. रेघेला पुन्हा हात लावायचा नाही, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

भरवसा ठेवला होतात. आता काय मागू? जमेल तेवढा लोभ ठेवा.
श्रीधर

---

खापा
२० ऑक्टोबर १९७५

ती. दादास कौसल्येचा सा. न.

पंचवीस शेक पुरे करून घरी आली त्याले तीन हप्ते झाले. तोंड अजून सोललेलं आहे, पण दूधभात गिळतो. फोड सुकून राहिला. तीन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा पाहतील, तोवर मी काही विचारत नाही, तूही पुस्तकं उघडून पाहू नको गा.

तू यांना पत्र लिहिलं ते मी वाचलं. मी काहून खोटं बोलली, असं तुले वाटत असन. डॉक्टरने तुले हाकललं असतं तर मले रोज तिथं कोण नेत होतं? पण खरं सांगतो, तू फाटकातून परत गेला नसता तर मी त्याच दिवशी खाप्याची बस धरली असती. रेघेसाठी नाही. माह्यासाठी बोलशील का नाही, ते पाहून राहिली होती.

यांनी यंदा महालक्ष्म्यांना साडी नेसवली. एकीच्या निऱ्या गुडघ्यावर होत्या म्हणते सासूबाई. कोणी फूटपट्टी काढली नाही.

भाऊबीजेले नक्की येजो. माह्या हातात अजून जोर नाही. टिळा वाकडा लागला, तर तसाच राहू देजो.

तुही बहीण,
कौसल्या