दाराकडे तोंड केलेली पलटण

सोमवार, ४ तारीख

पोचले एकदाची! घर ऐसपैस, उजेड भरपूर, आणि माझ्या खोलीतल्या पलंगाला चक्क कुरकुर नाही. संग्रहालयानं पंधरा दिवसांसाठी धाडलंय. इथल्या मालकांनी जन्मभर जमवलेले शिशाचे सैनिक आणि विमानांच्या प्रतिकृती मोजायच्या, मोडतोड नीट करायची, खोक्यांत भरून नव्या दालनात मांडायच्या. भाऊ म्हणाला, बाहुल्यांशी खेळायचा पगार घेणारी घराण्यातली तू पहिलीच.

मालक वारून वर्ष झालं. गल्ली त्यांना कप्तान म्हणायची, पण होते गोदामावर कारकून. त्यांच्या बायकोला मी तासाभरातच काकू म्हणू लागले. सत्तरीच्या, शेलाट्या, चालताना पावलांचा आवाज नाही. खोली मोकळी झाली की खिडकीपाशी शिवणयंत्र ठेवणार म्हणाल्या. हे कुजबुजत का सांगितलं, कोण जाणे.

मंगळवार, ५

चारशे बारा सैनिक. प्रत्येकाच्या बुबुळात पांढरा ठिपका, तोही एका केसाच्या कुंचल्यानं दिलेला. माणसाच्या हातात कला होती, मान्य करायलाच हवं. वर तंगूसच्या बारीक दोऱ्यांना टांगलेली सव्वीस विमानं, त्यांतल्या दोन विमानांचे पंख निखळलेत.

एक गोष्ट मात्र खटकली. एवढी मोठी पलटण, आणि समोर शत्रूच नाही. सगळ्या बंदुका आणि सगळ्या विमानांची नाकं स्वयंपाकघराच्या दाराकडे. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, त्यांना तसंच आवडायचं. आणि भांडी घासायला वळल्या.

मांडणीचा नकाशा काढून ठेवला. पहिली रांग टेबलाच्या दाराकडच्या कडेपासून अठरा बोटं.

गुरुवार, ७

आज चौदा बोटं. बावीस वर्षं मोजमापं घेतेय मी, चार बोटांची चूक माझ्या हातून होत नाही. रस्त्यावरच्या ट्रकांनी टेबल हादरत असेल असं मनाला सांगितलं. पण हादऱ्यानं माणसं पडतात, पावलाला पाऊल जुळवून पुढे सरकत नाहीत.

काकू किंचित लंगडताहेत. काही नाही म्हणतात.

शुक्रवार, ८

साठ सैनिक कापसात गुंडाळून खोक्यात भरले, वर सुतळीची गाठ मारली. जेवून आले तर गाठ जशीच्या तशी, खोकं रिकामं. साठच्या साठ टेबलावर, आपापल्या जागी.

मी मोठ्यानं हसले. हसले नसते तर ओरडले असते.

भावाला फोन केला. तो म्हणाला, बॅग भर आणि नीघ. मी म्हटलं, शिशाच्या सोंगाड्यांना भिऊन पळाले तर आरशात कोणत्या तोंडानं बघू?

शनिवार, ९

सकाळी सहाजण जमिनीवर होते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. उचलून ठेवले. 

रविवार, १०

काकूंचा घोटा बघितला. सुईनं टोचल्यासारखी भोकं, एका ओळीत. संगिनींची टोकं भिंगाखाली धरली. तपकिरी.

मग काकू बोलल्या. कप्तान शिट्टी वाजवायचे. त्या दारात येऊन ताठ उभ्या राहायच्या. ते रंगवत बसायचे, मध्येच कुंचला उगारून गोळीबाराचा हुकूम सोडायचे. त्या हलल्या की पुन्हा पहिल्यापासून. एक्केचाळीस वर्षं! शत्रू विकत आणायची गरजच नव्हती त्या माणसाला. शत्रू घरात स्वयंपाक करत होता.

काकू म्हणाल्या, राहू दे बाई, नको मला शिवणयंत्र. मीच जाते कुठेतरी.

मला असा संताप आला. म्हटलं, घर तुमचं. जायचंच असेल तर त्यांनी जावं.

सोमवार, ११, सकाळ

सैनिक बांधून राहत नाहीत. ठीक आहे. शिसं शेगडीवर पातळ होतं, हे मला शिकवायला नको.

संग्रहालयाच्या साहेबांना फोन करून सांगितलं, दालनात विमानं येतील, सैनिक येणार नाहीत. ते ओरडत होते. नोकरी गेली तर गेली.

दुपार

खिडक्या सताड उघड्या. तोंडाला फडकी बांधलीत. जुन्या लोखंडी कढईत पहिली रांग गेली. काकू ढवळताहेत. कोणीतरी लिहून ठेवायला हवं म्हणून मी मधे मधे लिहितेय.

माझ्या दोन्ही तळव्यांत टोचलंय. खोल. टोचू दे.

तीन वाजता

दोनशे गेले. वारा नाही, तरी वर विमानांचे पंखे फिरायला लागलेत. सगळ्यांचे. काकूंच्या कपाळावर रक्त— पुसायलाही थांबल्या नाहीत. बस म्हटलं तर मान हलवून नाही म्हणाल्या.

चार

चारशे बारा. संपले.

नाही. टेबलावर अजून एक आहे. घोड्यावर. मी मोजला नव्हता— मोजायला तो नव्हताच. भिंतीवरच्या कप्तानांच्या फोटोतला चेहरा. शिट्टी वाजतेय कुठेतरी, अगदी जवळ—

काकू ताठ झाल्या. पाय आपोआप दाराकडे— मी दंड धरला. सोडणार नाही. दोघींना मिळून ने म्हणावं—

थांबल्या. वळल्या. त्याला चिमटीत उचललंय. बोटांतून रक्त गळतंय, सोडत नाहीत. एक्केचाळीस वर्षं अहो-जाहो केलेल्या माणसाला त्या म्हणाल्या, "जा. तू जा रे आता!"

कढईत पडला. विरघळत नाही. घोडा बुडाला, तो उभा— विमानांच्या दोऱ्या तुटताहेत— काकूंनी झारा उचललाय, मीही हात लावलाय, दोघी मिळून दाबतोय, एका हातानं लिहि