टॉर्च नसलेली बंदूक

बाबा, आमच्या घरात बंदूक आली होती. तुम्ही बँकेच्या दारात उभे राहायचात तेव्हा तुमच्या खांद्याला असायची तशीच बारा बोरची. पण तुम्ही ती ओळखली नसती. इथे परदेशात, चँडलरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत भरदिवसा एका घराचं काचेचं दार फोडून चोर शिरले. घरात एकट्या काकू होत्या, बाथरूमला कडी लावून बसल्या म्हणून वाचल्या. त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने ही आणली आणि किचनच्या ओट्यावर, निवडायला ठेवलेल्या कोथिंबिरीशेजारी आडवी ठेवली. मी हादरलेच. काळीकुट्ट. नळीवर भोकाभोकांचं पत्र्याचं आवरण, तोंडाशी करवतीसारखे दात, अंगावर जादा काडतुसं खोचायची पट्टी. ती पट्टी त्याने व्हिडिओ बघून, स्वतः स्क्रू आवळून आवळून बसवली होती. "आणि अंधारात समोरचं दिसायला टॉर्च?" मी विचारलं. "तो नंतर ऑर्डर करू. आधी लुक तर बघ यार!" "हे दात कशाला?" "बघूनच घाबरतात लोक," तो म्हणाला. इंजिनिअर माणूस, सेलफोन घेताना महिनाभर रिव्ह्यू वाचतो.

मला तुमची बंदूक आठवत राहिली. मी डबा घेऊन बँकेत यायची, तेव्हा तुम्ही आधी बंदूक उघडून दोन्ही काडतुसं काढायचात, खिशात टाकायचात आणि मगच डब्याला हात लावायचात. खंडेनवमीला मॅनेजरसाहेब तिला झेंडूचा हार घालायचे. एका वर्षी मी हौसेने एक फूल नळीच्या तोंडात खोचलं. तुम्ही सगळ्या स्टाफसमोर ओरडलात, "नळीत काही जायचं नाही! शोभेची वस्तू आहे का ती?" मी रडतेय, आणि तुम्ही माझ्याच केसांतली पिन घेऊन आत अडकलेली पाकळी काढताय. घरी येताना जिलबी आणलीत. चहा पिताना आईला म्हणालात, "समोर कोण आहे ते दिसल्याशिवाय मी बंदूक खांद्याला लावत नाही. म्हणून तर एवढ्या वर्षांत लावलीच नाही." आईने तुमच्या बशीत अजून थोडा चहा ओतला. विषय तिथेच संपला.

जूनची दुपार. बाहेर तळपाय भाजतील असं ऊन, म्हणून घरातले जाड पडदे ओढलेले. हॉलमध्ये थिएटरसारखा अंधार. नवरा घरूनच काम करतोय. मुलगा टूसानला, कॉलेजात. निदान आम्हाला तसं वाटतंय. एवढ्यात मागचं पॅटिओचं दार सरकतं. नवरा माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. तो कपाटातून बंदूक काढतो. मी "नाइन वन वन करूया," म्हणते, तोवर तो हॉलच्या तोंडाशी पोचलाय. "कोण आहे? हू इज इट?" उत्तर नाही. दाराच्या फटीत पाठीवर ऊन घेऊन कुणीतरी उभं आहे, खांद्यावर मोठी पिशवी, चेहरा सगळा काळा. नवरा काडतूस नळीत चढवायला बंदुकीचा पुढचा दांडा मागे खेचतो, पुढे ढकलतो. दांडा अर्ध्यावर अडकतो. तो पुन्हा ढकलतो. मी हाताला लागला तो पडदा बाजूला ओढला, बाबा, आणि उजेडात आमचा मुलगा उभा होता. कानात इअरबड्स, पिशवीत धुवायचे कपडे. आम्हाला सरप्राइज द्यायला आला होता.

"डॅड? व्हॉट द हेल!" एवढंच तो बोलला. मग हसला आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं. नवरा बंदूक खाली ठेवून तिथेच फरशीवर बसला. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मी बहुतेक त्या पिशवीतले कपडे मशीनमध्ये टाकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बंदूक घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पट्टीचे स्क्रू जरा सैल केले आणि दांडा सुरळीत मागेपुढे सरकायला लागला. "फार आवळलंत की आतलं अडकतं, दांडा पुरता पुढे जात नाही आणि चाप दाबला तरी गोळी सुटत नाही," त्या म्हणाल्या. "घरासाठी टॉर्च हवा आणि तुमच्या हाताच्या मापाचा दस्ता हवा. बाकी सगळी सजावट आहे." त्यांना काय माहीत, सजावटीनेच काय केलं ते! नवऱ्याने बंदूक तिथेच परत दिली. गाडीशी आल्यावर त्याने किल्ली माझ्याकडे दिली, ड्राइव्ह मी केलं. टॉर्च असता तर त्याला चेहरा दिसला असता. आणि ती बिनकामाची पट्टी नसती, तर... हे वाक्य मी अजून एकदाही पुरं करू शकलेले नाही.

मुलगा आता ड्राइव्हवेतून फोन करतो, "आय ॲम होम, डोन्ट शूट," म्हणून हसतो. नवराही हसतो. "अरे, मी चालवणारच नव्हतो, मला दिसलं होतं तू आहेस ते," असं त्याने मुलाला सांगितलंय. मुलाने ते मानलंय. मीही मान हलवली.

हे पत्र आता तुम्हाला पोचेल अशी पेटीच नाही, म्हणून हे लिहिते. पडदा ओढला तेव्हा मी मुलाकडे बघत नव्हते, बाबा. मी नवऱ्याच्या हाताकडे बघत होते. त्याचं बोट चापावर होतं, पांढरं पडलेलं, आणि चाप पूर्ण मागे दाबलेला होता.