पप्पांची दुसरी प्रत

ऑरेंजबर्ग, साउथ कॅरोलिना
११ मार्च १९७९

चि. क्लिऑन यास,
अ. उ. आशीर्वाद.

आई आणि मी ओझेलामावशीकडे सुखरूप आहोत. ब्रॉन्क्सचे पाच जिने सुटल्यामुळे आईचे गुडघे खूश आहेत, आई नाही. तू वेळेवर जेवतोस का, की अजून दोन रेकॉर्डप्लेअरांच्या मध्ये उभा राहून एकच दहा सेकंदांचा तुकडा पुढेमागे करत बसतोस, असं तिने विचारायला सांगितलंय. खालच्या मजल्यावरच्या बाईंना झोप मिळते का, हे मी माझ्यातर्फे विचारते.

आता काम. या गावातून बाहेर जाऊन नाव काढलेल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या नावांची पाटी चर्चच्या सभागृहात लावणार आहेत. त्यात पप्पांचं नाव हवं, हे आईने मनावर घेतलंय. पाद्री नवे आहेत, समितीत पप्पांना पाहिलेलं कुणी नाही. काहीतरी छापील आणा म्हणतात. त्यांच्या एकुलत्या एका रेकॉर्डच्या लेबलवर ‘ड्रम : एलिस गॅड्सडेन’ असं आहे. उभ्या जन्मात त्यांचं नाव छापून आलं ते तेवढंच. वाजवून झिजलेली प्रत तुला दिलीच आहे. आईने उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवलेली, एकदाही न वाजवलेली दुसरी प्रत तेवढी पाठव. निघण्याच्या गडबडीत ती राहिली म्हणून आई रोज स्वतःला दोष देते.

खोकला अंगावर काढू नकोस. लोभ आहेच, पत्रातून दिसू दे.
तुझी ताई,
व्हर्नेटा


ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क
२ एप्रिल १९७९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जेवतो. आईला सांग, भात आणि चवळी मी तिच्याइतकी नाही, पण तुझ्यापेक्षा बरी करतो.

शनिवारी दुपारी आम्ही पार्कात रेकॉर्ड लावल्या. दिव्याच्या खांबातून वीज घेतली. गाणं चालू असेपर्यंत पोरं नुसती उभी असतात. गाणारे थांबून एकटा ड्रम उरला की जमिनीवर पुठ्ठे पडतात आणि पोरं त्यावर पाठीवर गरगर फिरू लागतात. पप्पांचा तुकडा मी सगळ्यात शेवटी काढतो. या रेकॉर्डवर संपायच्या आत त्या रेकॉर्डवर तोच पुन्हा सुरू करायचा, असा पाच पाच मिनिटं चालवतो. ताई, तू असायला हवी होतीस. लोक ओरडत होते. पप्पांसाठी कुणी असं ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पलीकडच्या गल्लीत असंच वाजवणारा रेनार्ड माझ्या खांद्यावरून मान ताणून लेबलं वाचत असतो. कुठल्या रेकॉर्डवर काय आहे हे एकदा कळलं की आमच्याकडे दुसरं काय उरतं? म्हणून इथे सगळेच लेबलं भिजवून काढतात. मीही काढतो आणि खुणेला तुझ्या नखांच्या रंगाचे ठिपके देतो. बाटली तू विसरून गेलीस, आता मागू नकोस.

रेकॉर्डचं बघतो. कुणी तिकडे येणारं असलं की देतो.
आईला नमस्कार. रागावू नका, आठवण ठेवा.
तुझा,
क्लिऑन


ऑरेंजबर्ग
२२ जून १९८०

क्लिऑन,
आशीर्वाद.

‘कुणी येणारं असलं की’ याला वर्ष उलटलं. चार माणसं आली आणि गेली. पण आजचं पत्र त्यासाठी नाही.

मंगळवारी आई इस्त्री करत होती. मावशीच्या रेडिओवर तुमच्या तिकडचं नवं गाणं लागलं, ड्रमवर भराभर बोलतात तसलं. आईने इस्त्री उभी केली आणि म्हणाली की हा एलिसचा पाय आहे. पप्पांचा उजवा पाय अधू, त्यामुळे मोठ्या ड्रमचा तिसरा ठोका नेहमी किंचित मागे पडायचा. जेवताना टेबलाखालीही तसाच पडायचा. मी दुकानात जाऊन ती रेकॉर्ड आणली. तिच्यावर ड्रमपुढे भलत्याच माणसाचं नाव आहे. आईने ती नऊ वेळा लावली आणि दर वेळी तिसऱ्या ठोक्याला माझ्याकडे पाहिलं.

तू पप्पांची रेकॉर्ड घेऊन त्या कंपनीत जा. लेबल त्यांच्या तोंडासमोर धर. नाव लावा म्हणावं, बाकी आम्हाला काही नको. आणि मग ती प्रत इथे पाठव. समितीने ऑगस्टपर्यंत मुदत दिलीय.

आई वाट पाहते आहे. मीही.
व्हर्नेटा


ब्रॉन्क्स
९ जुलै १९८०

ती. ताईस,
शि. सा. न.

गेलो होतो. त्यांनी नीट बसवलं, पाणी दिलं. पार्कातल्या माझ्या वाजवण्याची कॅसेट रेनार्डने त्यांना दिली होती. ती ऐकवून त्यांनी भाड्याच्या वादकांकडून तो तुकडा बसवून घेतला. मागे पडणारा ठोकासुद्धा. तो माणूस मला म्हणाला की तोच ठोका बसवायला सगळ्यात वेळ लागला. मी म्हटलं, तो माझ्या वडिलांचा आहे. त्याने रेकॉर्ड मागितली. मी दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि यावर तर काहीच नाही म्हणाला.

ताई, एका प्रतीवर असं पुढेमागे करता येत नाही. दोन लागतात. कपाटातली मी तुम्ही गेलात त्याच आठवड्यात काढली. आणि दोन्हींची लेबलं रेनार्डच्या भीतीने टबात भिजवून नखाने खरवडली. तेव्हा वाटलं, नाव काय, आपल्याला तर माहीत आहेच. पप्पांची रेकॉर्ड काढणारी कंपनी केव्हाच बुडाली. त्यांच्या बँडमधलं कुणी उरलं नाही. मी सात जुनी दुकानं पालथी घातली, तिसरी प्रत कुठेच नाही.

कपाटातली ती प्रत पाठवतो आहे. आईला कसं सांगायचं ते तू ठरव. माझी हिंमत नाही.
क्लिऑन


ऑरेंजबर्ग
१७ ऑगस्ट १९८०

क्लिऑन,

रेकॉर्ड मिळाली. मी ठरवत बसले नाही, तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, की टब तोच का? शेवटचे चार महिने मी आणि ती पप्पांना ज्यात अंघोळ घालायचो, तो? मी हो म्हटलं.

मग तिने पेन घेतलं आणि मधल्या कोऱ्या गोलावर पप्पांचं नाव लिहिलं. तिचं अक्षर तुला माहीत आहे, शाळकरी मुलीसारखं. ते घेऊन आम्ही समितीकडे गेलो. कुणी हसलं नाही. पाद्रींनी फार गोड शब्दांत सांगितलं की बाई, असं तर कुणीही लिहील. पाटी गेल्या रविवारी लागली. अकरा नावं आहेत. आई नेमकी तिच्या समोरच्या बाकावर बसते, तिथून उठवलं तरी उठत नाही.

तो ड्रम कुणाचा हे कुणाला कळू नये, एवढंच तुला हवं होतं ना? नाही कळलं. रेनार्डलाही नाही, कंपनीलाही नाही, पप्पांच्या स्वतःच्या गावालाही नाही. काम चोख केलंस.

आई तुला आशीर्वाद सांगते. ती आई आहे. पत्राच्या शेवटी लोभ असावा असं मी दर वेळी कुठल्या ना कुठल्या शब्दांत लिहीत आले. आज लिहवत नाही.

व्हर्नेटा एलिस गॅड्सडेन