मामाचं ‘बारीक’ आणि माझं

सोम. ३ फेब्रु., केडगाव
मामाने आज अख्ख्या बँजो पार्टीसमोर पाणउतारा केला. “गिटार वाजवतोस का पत्रा फाडतोस? ते खोकडं बारीक कर. रविवारी राहुरीच्या हळदीत आसलंच वाजलं, तर तुझ्या जागी कीबोर्डवाला उभा करीन.”
खोकडं म्हणे! गिटारला लावायचं फझ पेडल आहे ते. जुन्या स्टीलच्या डब्यात मी स्वतः जोडलेलं. आवाज फाडणं हेच त्याचं काम. पण पार्टी मामाची. गिळलं.

बुध. ५
पेडलमधला टोनच्या नॉबजवळचा कपॅसिटर बदलला. बास, म्हणजे जाड आवाज, पार कापला. नॉब पूर्ण फिरवला की आवाज सुईसारखा. बोट भाजलं, ते वेगळंच. आई कानात बोटं घालून, “आरं, दाढ ठणकाया लागली माझी!” म्हटलं, तुझ्याच भावाला बारीक पाहिजे. घे म्हणावं.

शुक्र. ७
प्रॅक्टिस. पहिलाच सूर आणि मामा अंगावर धावला. “बारीक कर म्हंजे आवाज कमी कर, बैला! किंचाळाया कुनी सांगितलं?”
“मग कमी कर म्हणायचं ना!”
“आमी कमीला बारीकच म्हनतो. तू काय लंडनवरून आलास व्हय?”
ढोलकीवाला हसून हसून आडवा. डोकं इतकं सणकलं की डबा मामाच्या टाळक्यात घालावासा वाटला.

शनि. ८
जुना कपॅसिटर परत लावायला गेलो, तर पक्कडीत त्याच्या तारेचा पायच तुटला. राहू दे तसंच. मरू दे.
आईने परस्पर मामाला फोन केला, “पोराला संबाळून घे.” भीक मागितली माझ्यासाठी.

रवि. ९
राहुरी. ढोल-ताशांच्या दणक्यात बाकी सगळं बुडालं, माझ्या गिटारची किंचाळी तेवढी वर. पोरं पिसाळल्यागत नाचली. नवरदेवाचा भाऊ, “ते किर्र करतंय ते लावा परत!” तीनदा लावलं.
सामान भरताना मामाने पेडल उचलून स्वतःच्या पिशवीत टाकलं. “हे आता पार्टीचं. कीबोर्डवाल्याला लावू. तू लई उलट बोलतोस, तू नको येत जाऊ.”
मी हात घातला तर ढकललं मला. सख्खा मामा! नालायक.

बुध. १२
मामाचा फोन. “आरं, कीबोर्डला लावलं तर नुसतं गुणगुण करतंय. नॉब कुठं ठिवायचा?”
आई समोर उभी. “सांग की रं. भाऊ हाय माजा.”
कट केला. पेडल आणून दे, मग बघू, एवढंही म्हटलं नाही. आई रडत आत गेली.
हे लिहितोय तर परत त्याचाच फोन. वाजू दे.