आनंदाबाईची सीमांत उत्पादकता

२४ जून, सकाळ
बी.ए. अर्थशास्त्र पास. ५४ टक्के. रेणूला ७८. रेणू माझी धाकटी बहीण, पण यंदा वर्ग एकच; कारण सेकंड इयरमध्ये मी एक वर्ष जास्त गुंतवलं. पाठांतराला मार्क मिळतात, विचाराला नाही.
पुण्याच्या एम.ए.च्या लिस्टमध्ये दोघांचीही नावं. तिचं वर, माझं खाली. लिस्ट कुठल्या बाजूनं वाचायची हा सवयीचा प्रश्न आहे.

२७ जून
बाबांचं म्हणणं : पुण्याला एकच जाईल, दुसऱ्यानं शेतीकडे थांबायचं. त्यांचा गुडघा गेलाय, यंदा चिखलात उतरणार नाहीत. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आम्ही दोघांनी सांभाळायची, मग ते ठरवतील.
माझं जाणं नक्की. बाबांना फक्त तसं दाखवायचं नाही. आजच मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसली आणि परत ठेवली.

१ जुलै
संकल्प : पहाटे पाच ते नऊ अभ्यास. नऊनंतर शेतीचं मॅनेजमेंट. मी पॉलिसी, रेणू फील्ड स्टाफ.

२ जुलै
उठलो ८.४०. पाच ते नऊपैकी वीस मिनिटं शिल्लक होती. त्यात चहा.

९ जुलै
आनंदाबाई आली होती. सत्तरीची म्हातारी. रोवणीच्या बारा बायांच्या टोळीची मुख्य. ओट्यावर बसून बाबांना म्हणाली, सतरा तारखेला येतो. झालं. कागद नाही, सही नाही, फोनही नाही. अशा लोकांच्या हाती जिल्ह्याचं धान आहे आणि आम्ही विकास दर मोजत बसतो.
शाळेतला मित्र गोलू भेटला. पोलीस भरतीसाठी रोज हायवेवर पळतो. विचारलं, अर्थशास्त्र करून काय होतं? म्हटलं, धोरणं ठरवतात. तो पळत निघून गेला. उत्तर झेपलं नाही.

१७ जुलै, दुपार
रोवणी सुरू. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन निरीक्षण केलं. रेणू बायांच्या रांगेत उतरली. तिला अंतर राखून बघता येत नाही.
महत्त्वाचा शोध : अकरा बाया वाकून रोप लावतात. आनंदाबाई लावत नाही. धुऱ्यावर उभी. तंबाखूचा खर्रा चघळते. मध्येच एखादा शब्द बोलते, मध्येच काठीनं पाण्यात खाजवते. मजुरी मात्र सगळ्यांइतकीच.
तिसऱ्या सेमिस्टरच्या पुस्तकात स्पष्ट आहे : ज्याला काढलं तरी उत्पादन कमी होत नाही, त्याची सीमांत उत्पादकता शून्य. सरांना चार वर्षांत एक जिवंत उदाहरण देता आलं नाही. मला पहिल्याच दिवशी मिळालं.

१८ जुलै, संध्याकाळ
आनंदाबाईला नीट समजावलं. धुऱ्यावरच्या ओल्या मातीत आलेख काढून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. वर्गात एवढं कुणी ऐकत नाही.
मग म्हणाली, "बरं हाय, बापू. उद्यापासून नाही येत मी."
किती सोपं असतं रिफॉर्म. रेणू तावातावानं काहीतरी बोलली. शब्द अभ्यासक्रमाबाहेरचे होते.

१९ जुलै
८.०० कुणी नाही.
१०.०० कुणी नाही.
११.१५ बाराही जणी शेजारी पुंडलिकरावांच्या बांधीत, धानाच्या खाचरात. आनंदाबाई त्यांच्या धुऱ्यावर. मी गेलो तर कुणी मान वर केली नाही. टोळीतल्या गिरजाबाईला कारण विचारलं. हात न थांबवता म्हणाली, "आमी येऊन तं बारा जनी येऊन. नाही तं एकबी नाही."
लेबर मार्केटचं अपयश. बाबांना सांगितलं, एक दिवसाचा गॅप आहे.

२२ जुलै
तीन दिवस बाईकवर. कोंढा, पवनी, आणखी आठ गावं. सगळ्या टोळ्या ऑगस्टपर्यंत बांधलेल्या. सगळीकडे एकच प्रश्न : आनंदाबाईले विचारलं का?
आता कळलं की कुठल्या टोळीनं कुठल्या दिवशी कुणाकडे जायचं, कुणाच्या बांधीत पाणी केव्हा बसतं, कुणाचे परे, म्हणजे रोपं, आधी जून होतात, हे सगळं तीच ठरवते. ही माहिती मला आधी कुणी द्यायला हवी होती.
आमचे परे पिवळे पडायला लागलेत. रोपाचं वय झालं की ते लावून फुटवे येत नाहीत, म्हणे. बाबा काठी टेकत आले, दोन रोपं उपटून बघितली आणि परत गेले.  रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२४ जुलै
निर्णय : स्वतः रोवणार. दोन तासांत खाटेएवढी जागा. संध्याकाळी अर्धी रोपं पाण्यावर तरंगत होती. कंबर गेली. हिशेब केला : या वेगानं रोवणी नोव्हेंबरात संपते. कापणीही तेव्हाच, म्हणजे एक फेरी वाचेल.

२६ जुलै
रेणू दोन दिवस पुंडलिकरावांच्या बांधीत रोवते आहे. बायांच्या रांगेत, शेवटच्या जागी. कुणी बोलावलं नव्हतं. स्वतःच्या घरची रोवणी सोडून परक्याच्या चिखलात. हिला काय बघून ७८ टक्के दिले?

२८ जुलै
टोळी आली. बाराही. रेणूनं काय सांगितलं ते ती सांगत नाही.
आज जवळ उभा होतो म्हणून ऐकू आलं, आनंदाबाई मध्येच काय बोलते ते. ही रोपांची पेंडी फेका. तिथं पाणी फोडा. शेवंता, कंबर सरळ कर जरा. तेवढंच. रांग मात्र कुठं अडत नाही. बहुधा योगायोग. सॅम्पल लहान आहे.

२ ऑगस्ट
रोवणी संपली. दोन बांध्यांचे परे जून होऊन गेले, त्या यंदा पडीत. बाबा त्या धुऱ्यावर बराच वेळ उभे होते. पावसानंही साथ दिली नाही असं मी म्हटलं. पाऊस भरपूर आहे.
घरी आलो तर रेणूची पुस्तकं माळ्यावरच्या मोठ्या बॅगेत. बाबा स्वतः भरत होते. मला कुणी काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.
पुण्याची हवा थंड आहे. मला मानवली नसती.
रात्री रडलो. इथं लिहायला हरकत नाही.

७ ऑगस्ट
रेणू गेली. पवनी स्टँडवर आनंदाबाईही आली होती. रेणू तिच्या पाया पडली. माझ्या नाही पडली, मी मोठा असून.
गाडी हलल्यावर आनंदाबाईनं बाबांना विचारलं, पुढच्या हप्त्यात निंदण हाय, तण काढाले माणूस लागते. हा पोरगा रिकामाच हाय तं याले काय काय येते?
बाबा विचार करत राहिले. गाडी वळणावरून गेली, धूळ बसली, तरी विचारच करत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.
शेवटी म्हणाले, "तो शिकला हाय, बाई."
आनंदाबाईनं मला खालून वर पाहिलं. रागानं नाही.
"हो का," म्हणाली, "मंग राहू द्या."