आठव्या मजल्यावरची खिडकी

३ मार्च
ह्यांचं ऑफिस गेलं! अख्खी इमारत विकली म्हणे. आता तिथे फ्लॅट. जिथे ह्यांनी एकतीस वर्षं फायली उपसल्या, तिथे लोक कपडे वाळत घालणार. लेक म्हणाली, "आई, तो सगळा भागच ओस पडलाय. कामं घरून चालतात आता, ऑफिसं हवीत कुणाला?"

ह्यांना जाऊन अजून वर्षही झालं नाही. आणि जागेची नवी सोय लागलीसुद्धा.

५ मार्च
ठरलं. राहतं घर विकायचं आणि तिथे जायचं, आठव्या मजल्यावर. ह्यांच्या खिडकीपाशी! लेकीनं कपाळाला हात लावला. "ऑफिसात राहणार तू?" हो, राहणार. ऑफिसातून आले की रोज चहा घेताना खिडकीतून दिसलेलं सांगायचे — समोरच्या गच्चीवरची बाई आज कुंड्यांवर ओरडत होती, चौकातलं घड्याळ पुन्हा बंद पडलंय. मी आपली भाजी निवडत हं हं करायची. आता तेच ऐकायला कान आसुसलेत.

९ मार्च
पाहून आले. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. बँकेला कुलूप, झेरॉक्सवाल्याचं शटर खाली. आठव्या मजल्यावर खांब आणि ओल्या भिंती. फ्लॅट दाखवणारी मुलगी म्हणाली, "काकू, खिडक्या कडेलाच आहेत. मध्ये उजेड पोचत नाही, तिथे अडगळीच्या खोल्या काढल्यात. भाड्यानं देतो."

एकेका खिडकीशी उभी राहिले. गच्ची दिसली. कुंड्याही! मागे कुणीतरी खाकरलं — अगदी ह्यांच्यासारखं. वळले तर कुणी नाही. भीती नाही वाटली. बरंच वाटलं.

१२ मार्च
उद्या सही. ह्यांची खिडकी नेमकी कुठली? वॉचमनला गाठलं — तो पूर्वी ह्यांच्याच ऑफिसात शिपाई होता. डोकं खाजवत राहिला. "वहिनी, साहेबांना कुठली खिडकी? ते मध्ये बसायचे, खांबाला पाठ लावून. दिवसभर ट्यूबलाइट."

मग ते सगळं काय होतं? एकतीस वर्षं थापा? तोंडातून निघूनच गेलं.

"छे हो! डबा खाल्ला की खिडकीशी जाऊन उभे राहायचे. म्हणायचे, घरी सांगायला काहीतरी न्यायला पाहिजे."

जिन्यातच बसले. खूप रडले. मी कधी धड ऐकलंही नाही.

१३ मार्च
फ्लॅट नको म्हणून सांगितलं. ह्यांच्या खांबाजवळची अडगळीची खोली घेतली. दोन खुर्च्या मावतात. आज चारला चहा घेऊन जाते. बँकेच्या पायरीवर मांजर व्यायलंय, तीन पिल्लं — सांगायला हवं ह्यांना.